मूल दोन वर्षांचं झालं, तरी बोलत नाही? वाट पाहायची की तपासणी करायची, आणि घरी काय करायचं?

घरात दीड-दोन वर्षांचं लेकरू आहे. चालतं, पळतं, हसतं, हट्ट करतं. पण शब्द काही फुटत नाहीत. आईच्या मनात धाकधूक सुरू होते. आजी म्हणते, "बोलन ना, घाई काय हाय? त्याचा बाप बी लवकर बोलला नोता." शेजारीण वेखंड उगाळून जिभेला लावायला सांगते. शहरात राहणारी मावशी फोनवर सल्ला देते, "त्याच्याशी वऱ्हाडीत नका बोलू, शुद्ध बोला, नाहीतर इंग्रजीच बोला." आणि मूल शांत बसावं म्हणून कुणीतरी त्याच्या हातात मोबाईल देतं.

अकोला, अमरावती आणि आसपासच्या गावांमध्ये असे सल्ले सर्रास दिले जातात. सगळे काळजीपोटीच दिलेले असतात. पण यातले काही निरुपयोगी आहेत, काही नुकसान करणारे आहेत आणि 'वाट पाहा' हा सल्ला तर काही मुलांच्या बाबतीत फार महाग पडतो. कारण न बोलण्यामागे कधीकधी ऐकू न येणं असतं, आणि ते जितकं उशिरा कळतं तितकी भाषा शिकण्याची सर्वांत चांगली वर्षं हातातून जातात.

मग मूल बोलायला शिकतं कसं? घरच्यांनी काय करायचं? वऱ्हाडी बोलीमुळे खरंच काही बिघडतं का? आणि डॉक्टरांकडे नेमकं कधी जायचं? एकेक करून पाहूया.

कोणत्या वयात काय अपेक्षित असतं?

प्रत्येक मूल आपल्या वेगाने वाढतं हे खरं आहे. दोन मुलांमध्ये चार-सहा महिन्यांचा फरक पडू शकतो. तरीही डॉक्टर आणि वाचा-उपचारतज्ज्ञ काही ढोबळ टप्पे मानतात.

- २ ते ३ महिने : "आऽ, ऊऽ" असे आवाज काढणं, ओळखीचा आवाज ऐकून शांत होणं.
- ६ महिन्यांच्या आसपास : आवाजाच्या दिशेने मान वळवणं, "बा-बा", "मा-मा" अशी बडबड सुरू होणं.
- ९ ते १० महिने : नावाने हाक मारली की वळून पाहणं, "नको" म्हटलं की थबकणं.
- १२ महिने : बोट दाखवणं, हात हलवून टाटा करणं, हात वर करून 'घे' असं सुचवणं. पहिला अर्थपूर्ण शब्द साधारण याच सुमारास येतो.
- १८ महिने : काही शब्द बोलणं, "चप्पल आण" अशी साधी सूचना हातवारे न करताही समजणं.
- २ वर्षं : साधारण ५० शब्द आणि दोन शब्दांची जोडणी. "माय ये", "पानी दे", "गाडी गेली".
- ३ वर्षं : तीन-चार शब्दांची छोटी वाक्यं, प्रश्न विचारणं, आणि बाहेरच्या माणसालाही बरंचसं बोलणं कळणं.

या यादीत एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. बोलण्याची सुरुवात शब्दांपासून होत नाही. ती ऐकण्यापासून, नजरेपासून आणि बोट दाखवण्यापासून होते. एक वर्षाचं मूल चंद्राकडे बोट दाखवून आईकडे पाहतं, तेव्हा ते "हे बघ" असंच म्हणत असतं. त्यामुळे मूल किती शब्द बोलतं एवढंच मोजून चालत नाही. त्याला किती समजतं आणि ते न बोलता किती सांगतं, हेही तितकंच महत्त्वाचं आहे.

मूल बोलायला शिकतं कसं?

कानावर शब्द पडत राहिले की मूल आपोआप बोलेल, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. शब्द कानावर पडायला हवेतच, पण ते मुलासाठी बोललेले असावे लागतात आणि त्यात मुलाची पाळी यावी लागते.

अमेरिकेतल्या पॅट्रिशिया कुल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांशी चिनी भाषा बोलणारी माणसं १२ वेळा खेळली, त्यांनी बाळांना गोष्टी सांगितल्या. एवढ्यावर ती बाळं चिनी भाषेतले बारीक ध्वनी ओळखायला शिकली. दुसऱ्या बाळांना तीच माणसं, त्याच गोष्टी पडद्यावर दाखवल्या. त्यांच्यात काहीच फरक पडला नाही. माणूस समोर असणं, त्याने बाळाच्या नजरेकडे पाहून बोलणं, बाळाने आवाज काढला की उत्तर देणं, हे सगळं पडद्यात नव्हतं.

२०१८ साली ४ ते ६ वर्षांच्या ३६ मुलांवर झालेला आणखी एक अभ्यास हीच गोष्ट पुढे नेतो. या मुलांच्या घरातलं बोलणं ध्वनिमुद्रित केलं गेलं आणि नंतर गोष्ट ऐकताना त्यांच्या मेंदूचं चित्रण केलं गेलं. ज्या मुलांच्या घरी 'तू बोल, मी बोलतो' अशा फेऱ्या जास्त होत्या, त्यांच्या मेंदूतला भाषेचा भाग जास्त सक्रिय दिसला. मोठ्यांनी एकूण किती शब्द वापरले किंवा घरची कमाई किती, यापेक्षा या फेऱ्यांचा संबंध अधिक ठळक होता.

याचा सरळ अर्थ असा की भाषा शिकवायला महागडी खेळणी, चित्रांचे तक्ते किंवा इंग्रजी बडबडगीतांचं ॲप लागत नाही. मुलाने आवाज काढला, बोट दाखवलं किंवा नुसतं पाहिलं तरी त्याला उत्तर मिळालं पाहिजे. टेनिससारखं: चेंडू त्याच्याकडून आला की परत टाकायचा, आणि पुन्हा तो येईपर्यंत थांबायचं.

वऱ्हाडी बोललं तर मुलाची भाषा बिघडते का?

नाही. उलट घरच्यांना जी भाषा सहज येते, तीच मुलासाठी सर्वांत चांगली असते.

वऱ्हाडात अनेक घरांमध्ये एक विचित्र प्रकार पाहायला मिळतो. आई-बाप आपसात, शेजाऱ्यांशी, आजी-आजोबांशी वऱ्हाडीत मनमोकळं बोलतात. मुलाशी मात्र जपून, पुस्तकी मराठीत किंवा तुटक्या इंग्रजीत. "डॉगी बघ", "वॉटर पी", "हँड वॉश कर". भाषा सरावाची नसली की वाक्यं आखूड होतात, गमती कमी होतात, गोष्टी आटतात आणि बोलणं हुकूम देण्यापुरतं उरतं. मुलाचं नुकसान बोलीमुळे होत नाही, ते या आटलेल्या बोलण्यामुळे होतं.

"मले पानी पायजे" हे वाक्य भाषेच्या दृष्टीने "मला पाणी पाहिजे" इतकंच पूर्ण आहे. त्यात कोणाला हवं, काय हवं आणि हवं आहे हे तिन्ही भाग आहेत. "तू काय करून राह्यला?" या प्रश्नात चालू काळाची जी रचना आहे, तिला स्वतःचे पक्के नियम आहेत. जॉर्ज ग्रिअर्सन यांनी भारतातल्या भाषांची जी मोठी पाहणी केली, तिच्या १९०५ साली निघालेल्या मराठीच्या खंडात वऱ्हाडी बोलीची स्वतंत्र नोंद आहे. आणि मराठीतला आद्य गद्यग्रंथ मानला जाणारा 'लीळाचरित्र' जिथे आकाराला आला, ते महानुभावांचं रिद्धपूर अमरावती जिल्ह्यातच आहे. ज्या मातीत मराठी गद्य उभं राहिलं, तिथल्या आई-बापांनी आपल्या बोलीची लाज वाटून मुलाशी बोलणं कमी करावं, हे उफराटंच म्हणायचं.

इथे एक व्यावहारिक मुद्दाही आहे. वऱ्हाडीत 'ळ' च्या जागी अनेकदा 'य' येतो आणि 'ण' च्या जागी 'न'. डोळा म्हणजे डोया, शाळा म्हणजे शाया, सकाळी म्हणजे सकायी, पाणी म्हणजे पानी. आजी, आजोबा, आई सगळेच "डोया" म्हणत असतील आणि चार वर्षांचं मूलही "डोया" म्हणत असेल, तर त्याचा उच्चार सदोष नाही. ते आपल्या घरची भाषा अगदी बरोबर शिकलं आहे. पण घरात सगळे "गाडी" म्हणतात आणि चार वर्षांचं मूल "दादी" म्हणतं, सगळे "काका" म्हणतात आणि ते "ताता" म्हणतं, तर ते तज्ज्ञाला दाखवावं.

म्हणून वाचा-उपचारतज्ज्ञाकडे जाताना घरात कोणती बोली बोलली जाते हे आवर्जून सांगा. बोलीतला फरक आणि उच्चारातला दोष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शाळेची प्रमाण मराठी मूल पुढे शिकतंच. एक भाषा मनात घट्ट बसली असेल, तर दुसरी तिच्या आधाराने चढते.

घरात दोन-तीन भाषा असतील तर?

वऱ्हाड एकभाषी नाही. अकोला, बाळापूर, अचलपूर, अमरावती इथे हजारो घरांत उर्दू बोलली जाते. शहरांत हिंदी आहे, मारवाडी-गुजराती आहे. मेळघाटात, म्हणजे धारणी आणि चिखलदरा तालुक्यांत, कोरकू आहे. २०११ च्या जनगणनेत देशभरात सात लाखांहून अधिक लोकांनी कोरकू ही आपली मातृभाषा असल्याचं नोंदवलं. ती मराठीची बोली नाही. ती मुंडा कुळातली, संथालीशी नातं असलेली स्वतंत्र भाषा आहे.

दोन भाषा ऐकल्यामुळे मूल उशिरा बोलतं, असा समज पक्का रुजलेला आहे. संशोधनातून त्याला आधार मिळालेला नाही. दोन भाषांत वाढणारं मूल सुरुवातीला दोन्ही भाषांची सरमिसळ करतं. आईकडून शिकलेले काही शब्द उर्दूत, अंगणातल्या मुलांकडून शिकलेले मराठीत. त्याचे शब्द मोजायचे असतील, तर दोन्ही भाषांतले मिळून मोजायचे. पंधरा इकडचे आणि चाळीस तिकडचे असतील, तर ते मूल पंचावन्न शब्दांचं आहे.

मेळघाटातल्या मुलांच्या बाबतीत हे आणखी महत्त्वाचं ठरतं. घरी फक्त कोरकू ऐकलेलं तीन वर्षांचं मूल मराठी बोलणाऱ्या अंगणवाडीत आलं की काही आठवडे, कधी काही महिने, गप्प राहू शकतं. नवी भाषा ऐकून मनात जुळवण्याचा तो काळ असतो. "हे मूल बोलत नाही" असा शिक्का मारण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: ते घरी आईशी कोरकूत बोलतं का? बोलत असेल, तर त्याच्या भाषेला काही झालेलं नाही. घरीही बोलत नसेल, तर मात्र तपासणी हवी.

मोबाईलवर बडबडगीतं लावली तर?

कापूस वेचणीच्या दिवसांत आई-बाप सकाळीच वावरात जातात. शहरात दोघेही नोकरीला. घरी आजी किंवा मोठी ताई. अशा वेळी जेवण भरवताना मोबाईल लावणं सोपं वाटतं, आणि मूल त्यातली गाणी म्हणूही लागतं. पण "ए फॉर ॲपल" म्हणणारं मूल "मले भूक लागली" म्हणत नसेल, तर ते पाठांतर आहे, बोलणं नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार एक वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन अजिबात नको, दोन वर्षांपर्यंतही ती टाळावी, आणि २ ते ४ वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ साली जवळपास हेच सांगितलं. नातेवाइकांशी व्हिडिओ कॉल याला अपवाद मानला जातो, कारण तिथे पलीकडचा माणूस उत्तर देतो.

नुकसान फक्त पडद्याकडे पाहण्याने होत नाही. मूल मोबाईल पाहतं तेवढा वेळ त्याच्याशी कुणी बोलत नाही आणि तेही कुणाला काही सांगत नाही. घरात दिवसभर चालू असलेला टीव्हीसुद्धा मोठ्यांचं मुलाशी होणारं बोलणं कमी करतो. आजीला आराम हवा असेल तर थोडा वेळ स्क्रीन चालेल, पण जेवण, आंघोळ आणि झोपण्याच्या वेळा मोबाईलशिवाय ठेवल्या, तरी रोजचा दीड-दोन तासांचा बोलण्याचा वेळ परत मिळतो.

घरी काय करायचं?

वेगळा 'अभ्यासाचा तास' काढायची गरज नाही. रोजची कामं चालू असतानाच हे जमतं.

*जे चाललंय ते बोला.* तूर निवडताना, भाकरी थापताना, अंगणात सडा टाकताना हातातल्या कामाचं वर्णन करा. "आता पीठ घेतलं. पानी टाकलं. मळलं. थाप-थाप-थाप. तव्यावर टाकली. गरम हाय, हात नको लावू." एकच शब्द रोज, त्याच कामाच्या वेळी, वस्तू समोर असताना ऐकला की मुलाच्या मनात तो पक्का बसतो.

*मूल जिकडे पाहतं त्याबद्दल बोला.* तुम्ही पुस्तकातला हत्ती दाखवताय आणि ते खिडकीतल्या चिमणीकडे पाहतंय. हत्ती सोडा, चिमणीबद्दल बोला. मुलाचं लक्ष असतं तिथला शब्द लवकर शिकला जातो.

*त्याच्या शब्दात एक-दोन शब्द घाला.* मूल म्हणालं "गाय". तुम्ही म्हणा, "हो, गाय आली. मोठी गाय." मूल म्हणालं "पानी". तुम्ही म्हणा, "पानी पायजे? थंड पानी देऊ?" फार लांब वाक्य नको, मुलापेक्षा एक पायरी पुढे राहायचं.

*चूक काढू नका, बरोबर रूप ऐकवा.* मूल म्हणालं "ताई गेला". "असं नाही, गेली म्हण" असं टोकण्यापेक्षा "हो, ताई गेली. ताई शाळेत गेली" एवढं म्हटलं की पुरे. सारखं टोकलं की मूल बोलणंच कमी करतं.

*थांबा.* हे सर्वांत अवघड आहे. प्रश्न विचारल्यावर किंवा काही म्हटल्यावर मनात पाचपर्यंत मोजा. लहान मुलाला ऐकायला, समजायला आणि शब्द जुळवायला वेळ लागतो. आपण थांबत नाही, आपणच उत्तर देऊन टाकतो.

*मागायची संधी द्या.* मुलाने बोट दाखवायच्या आधीच सगळं हातात देणारी घरं खूप आहेत, विशेषतः एकुलता एक नातू असला की. दोन वाट्या समोर धरा: "केळ पायजे की बिस्कीट?" त्याने आवाज काढला किंवा बोट दाखवलं तरी लगेच द्या आणि शब्द म्हणा. रडेपर्यंत अडवून धरायचं नाही.

*परीक्षा घेऊ नका.* "हे काय? ते काय? काकांना नाव सांग, गाणं म्हणून दाखव." पाहुण्यांसमोर अशी तपासणी झाली की बरीच मुलं तोंड मिटून घेतात. पाच प्रश्नांपेक्षा एक प्रश्न आणि चार वाक्यं बरी.

*गोष्टी आणि गाणी पुन्हा पुन्हा.* तीच गोष्ट रोज ऐकायचा हट्ट मुलं करतात, कारण पुढे काय येणार हे ओळखता येण्यात त्यांना मजा वाटते. ओळखीच्या गाण्यात शेवटचा शब्द सोडून द्या आणि मुलाकडे पाहा. बऱ्याचदा तो शब्द त्याच्याकडून येतो.

वऱ्हाडातल्या घरांकडे यासाठी स्वतःचा ठेवाही आहे. भुलाबाईच्या दिवसांत मुली घरोघरी गाणी म्हणतात. त्यांत एकच ओळ एकेक शब्द बदलून पुन्हा येते, आणि लहान मुलाला भाषा पकडायला असा साचा फार सोयीचा असतो. गाण्यांनंतर झाकलेल्या डब्यातला खाऊ ओळखायचा खेळ तर प्रश्नोत्तरांची उत्तम शाळा आहे: गोड की तिखट? गोल की लांब? कुरकुरीत की मऊ? तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल सजवताना शिंग, घुंगरू, झूल, दोरी, चाक असे कितीतरी शब्द हातात वस्तू धरून शिकता येतात. हा डब्याचा खेळ वर्षभर कधीही खेळता येतो.

वेळ कमी असलेल्या आई-बापांनी संध्याकाळची पंधरा मिनिटं पूर्ण मुलाची ठेवली तरी फरक पडतो. आणि दिवसभर मूल ज्यांच्याकडे असतं, ती आजी किंवा ताई या सगळ्यात सर्वांत महत्त्वाची व्यक्ती आहे. या गोष्टी त्यांना सांगितल्याशिवाय उपयोग नाही.

आधी कान तपासा

मूल बोलत नसेल तर पहिली तपासणी जिभेची नाही, कानाची व्हायला हवी. "ताटली वाजवली की दचकतं, म्हणजे ऐकू येतं" हा घरगुती निकष फसवा आहे. काही मुलांना मोठे, जाड आवाज ऐकू येतात, पण बोलण्यातले 'स', 'श', 'फ', 'त' असे बारीक आवाज येत नाहीत. काही मुलं हादऱ्याने किंवा सावलीने वळतात. वारंवार सर्दी होऊन कानाच्या पडद्यामागे पाणी साठलं, तर ऐकणं कधी कमी, कधी ठीक असं होत राहतं आणि घरच्यांना वाटतं, "मनात असलं की ऐकतं".

म्हणून यंत्राने तपासणी हवी. बाळ झोपेत असतानाही करता येतात अशा, न दुखणाऱ्या चाचण्या आहेत. 'ओएई' चाचणीत कानात छोटं बोंडूक ठेवून आतल्या कानाचा प्रतिसाद मोजतात. 'बेरा' चाचणीत डोक्याला तारा चिकटवून आवाज मेंदूपर्यंत पोहोचतो का ते पाहतात. आंतरराष्ट्रीय पातळीवर मानलेलं वेळापत्रक १-३-६ असं आहे: पहिल्या महिन्यात चाळणी-तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपचार सुरू.

एवढी घाई का, याचं उत्तर अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात झालेल्या आणि १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. ऐकण्याचा दोष असलेल्या १५० मुलांपैकी ज्यांचं निदान सहा महिन्यांच्या आत झालं, त्यांची भाषा उशिरा निदान झालेल्यांपेक्षा स्पष्टपणे चांगली होती. म्हणजे दोष होता की नाही यापेक्षा तो कधी कळला, यावर बरंच काही ठरलं.

वेखंड, जीभ आणि 'मुलगे उशिराच बोलतात'

वेखंड चाटवून भाषा येत नाही. भाषा मेंदूत, ऐकण्यातून आणि संवादातून तयार होते. वेखंडासोबत मध चाटवण्याची पद्धत तर धोक्याची आहे, कारण एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध दिल्याने बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. कानात कोमट तेल घालणंही टाळावं.

'जीभ चिकटलेली आहे' हे कारणही नेहमी सांगितलं जातं. त्यामुळे दूध ओढायला किंवा काही उच्चारांना अडचण येऊ शकते. पण जीभ चिकटलेली असल्यामुळे मुलाला शब्द समजत नाहीत किंवा ते बोलण्याचा प्रयत्नच करत नाही, असं होत नाही.

मुलगे सरासरीने मुलींपेक्षा थोडे उशिरा बोलतात हे खरं. पण तो फरक काही आठवड्यांचा ते एक-दोन महिन्यांचा असतो, वर्षभराचा नाही. उशिरा बोलणारी बरीच मुलं पुढे बरोबरीला येतात, हेही खरं. अडचण एवढीच की कोणतं मूल बरोबरीला येईल आणि कोणतं मागे राहील, हे दुसऱ्या वर्षी नुसतं पाहून सांगता येत नाही. तपासून घेतलं आणि सगळं ठीक निघालं, तर एक दिवस गेला. तपासलं नाही आणि दोष निघाला, तर वर्षं गेली.

कधी थांबायचं नाही?

पुढच्यापैकी एक जरी गोष्ट दिसली, तरी पुढच्या वाढदिवसाची वाट पाहू नका.

- १२ महिने झाले तरी बडबड नाही, बोट दाखवणं नाही, टाटा नाही.
- नावाने हाक मारली तरी वळून पाहत नाही, नजरेला नजर देत नाही.
- १६ महिने झाले तरी एकही शब्द नाही.
- २४ महिने झाले तरी स्वतःहून दोन शब्द जोडत नाही.
- तीन वर्षांच्या मुलाचं बोलणं घरच्यांनाही कळत नाही.
- कोणत्याही वयात येत असलेले शब्द किंवा हावभाव बंद झाले.
- कान वारंवार वाहतो, किंवा आई-बापाला ऐकण्याबद्दल शंका वाटते.

वऱ्हाडात कुठे जायचं?

सुरुवात अंगणवाडी सेविका किंवा आशाताईंपासून करता येते. माता-बाल संरक्षण कार्डावर वयानुसार विकासाचे टप्पे चित्रांसह दिलेले असतात. ते कार्ड लसीकरणापुरतं नाही, घरी काढून वाचण्यासारखं आहे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर इथून सुरू झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी त्यात मोफत होते आणि ऐकण्यातला दोष आणि भाषेतला उशीर हे दोन्ही त्याच्या यादीत आहेत. या कार्यक्रमाचं फिरतं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. त्या दिवशी मूल वावरात किंवा मामाच्या गावाला असेल, तर संधी सहा महिन्यांनी पुढे जाते. म्हणून पथक कधी येणार हे सेविकेला आधीच विचारून ठेवा, आणि आल्यावर "बोलत नाही" हे स्वतःहून सांगा. काही मिनिटांच्या तपासणीत गप्प मूल लाजाळू समजलं जाऊ शकतं.

गरज वाटल्यास पथक मुलाला जिल्हास्तरावरच्या त्वरित निदान व उपचार केंद्राकडे पाठवतं. थेट जायचं असेल, तर अमरावतीत लोक ज्याला इर्विन म्हणतात ते जिल्हा सामान्य रुग्णालय, आणि अकोल्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं सर्वोपचार रुग्णालय, या चौकशीच्या जागा आहेत. तिथल्या बालरोग विभागात किंवा कान-नाक-घसा विभागात सुरुवात करा. मोठ्या तपासणीसाठी मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग ही केंद्र सरकारची वाचा व श्रवण संस्था आहे. केंद्राच्या एडिप योजनेतून पात्र मुलांना श्रवणयंत्र आणि कॉक्लिअर इम्प्लांटसाठी मदत मिळते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात श्रवणदोष आणि वाचा-भाषा दोष या दोन्हींचा समावेश आहे, त्यामुळे निदान झाल्यावर प्रमाणपत्राची चौकशीही करावी.

जाताना तीन गोष्टी सोबत न्या. मूल कोणकोणते शब्द, कोणत्या भाषेत बोलतं याची यादी. ते घरी खेळताना-बोलतानाचा मोबाईलवर काढलेला एक-दोन मिनिटांचा व्हिडिओ. आणि शक्य असेल तर दिवसभर त्याला सांभाळणारी व्यक्ती.

तपासणीची तारीख मिळेपर्यंत, आणि उपचार सुरू झाल्यावरही, घरचं बोलणं थांबवायचं नाही. तज्ज्ञ आठवड्यातून एखादा तास देतात. बाकीचे सगळे तास घरच्यांकडे असतात. त्या तासांत आपल्या बोलीत, मुलाकडे पाहून, त्याची पाळी येऊ देत बोलत राहणं, हे कोणत्याही घराला आजपासून करता येण्यासारखं आहे.